काच वाढली

२१ एप्रिल १९९७, सोमवार
शकू, चष्मा डोक्यावर आहे, तिथून डोळ्यांवर घे. मी, तुझी आई, सांगतेय, तुझी वहिनी मंगल लिहितेय. तुझ्या भावाची, वसंताची नवी विद्या: फ्रीगंज बाजारात साड्यांच्या शेठच्या दुकानाच्या दारावर काचेचं छप्पर. चौकट नाही, खांब नाही. काचेला चार भोकं, त्यांत बोल्ट, वरून सळयांनी टांगायची. खालून गिऱ्हाईक जाणार. परदेशी कॅटलॉगात बघितलंय म्हणे. बाबांनी याला एवढ्यासाठी इंजिनियर केला. अक्षय्य तृतीयेला उद्घाटन.

२४ एप्रिल
अंगणात टेस्ट. काच टांगून वर रेतीच्या थैल्या. सातवी ठेवली आणि काचेचा साबुदाणा अंगणभर. वसंता म्हणे, भोकाशी गेली. लोखंड काचेच्या कडेवर टेकलं, मध्ये नायलॉनचं कडं हवं होतं. म्हटलं, "बांगडी भरताना कासारीणसुद्धा आधी हात मऊ करते. कॉलेजात नाही सांगितलं?" कडी करून घ्यायला इंदूरला गेला. न जेवता.

२५ एप्रिल
शेठचा फोन. घरात मी एकटी. टेस्टचं काय झालं, विचारत होता. शुभकार्याच्या तोंडावर फुटली कशी म्हणू? बांगडीला म्हणतो तसंच म्हटलं, "काँच तो बढ़ गई, सेठजी."
"बढ़ गई? तो हम भी आगे बढ़ते हैं, अम्माजी."
फुटल्यावर खूश होणारा माणूस पहिल्यांदा बघितला. पैसा झाला की डोकं असंच होत असेल.

२८ एप्रिल
मंगल भाजी घेऊन आली. म्हणे, शेठकडे दुसरी काच चढवतायत, जुन्याच बोल्टांवर, कडी नाहीत. तेव्हा माझ्या डोक्यात उजेड. त्याला वाटलं, पास झाली. वसंता इंदुरात. मी ऑटो केली. स्टूल मागून घेतलं आणि दारात, बरोबर काचेच्या जागेखाली बसले. शेठ गोड आवाजात, आत बसा, पंखा आहे. म्हटलं, "पहले मेरे ऊपर टाँगो." माणसं शिडीवरून उतरली. मग सांगितलं, बढ़ गई म्हणजे फुटली. तर हा मलाच, सरळ बोलायचं ना. लग्नाच्या साड्या विकतो आणि शुभाशुभ कळत नाही.

३० एप्रिल
वसंता कडी घेऊन आला. सगळं ऐकलं. "आई, यापुढे फोन तू घ्यायचा नाहीस." एवढंच. स्टुलाबद्दल अक्षर नाही.
उद्या पुन्हा टेस्ट. शेठ स्वतः येणार. फुटली तर फ्रीगंजात याला कोणी काम देणार नाही. सकाळपासून कडं भोकात घालतोय, काढतोय, बोट फिरवतोय. मलाही घास उतरत नाही. हे लिहू नकोस म्हटलं तरी मंगलचं पेन चालूच. मला वाचता येत नाही याचा फायदा घेते.
शकू, उन्हाळ्याचं वाळवण झालं असेल तर कुरडया पाठव, वसंताला आवडतात. साबुदाण्याच्या पापड्या नकोत. अंगणातला अजून पायाला लागतोय.