दवाखान्याच्या कपाटातली बाजरी

मी, द्वारका प्रभाकर पारखे, वय एकोणसत्तर, निवृत्त परिचारिका, मूळची संगमनेरची, सध्या मुक्काम खैतान, कुवेत, मुलगा प्रणय याच्या घरी, माझ्यामागची व्यवस्था स्वतःच्या हाताने लिहून ठेवते. हृदय कमजोर झाले आहे, डोके नाही. माझ्यावर कोणाचा दबाव नाही; असता तरी मी जुमानला नसता.

१. संगमनेरचे दोन खोल्यांचे घर प्रणयला, एका अटीवर. वडिलांच्या मिशनसेवेवर तो जी पुस्तिका छापतो आहे, तिच्यात या मृत्युपत्राचे तिसरे कलम जसेच्या तसे छापावे. मागच्या शुक्रवारी म्हणाला, "मम्मी, लीव्ह इट ना. पप्पा गेले, आता कशाला?" ते हयात असताना माझी हिंमत झाली नाही, म्हणून आता. छापले नाही तर घर संगमनेरच्या ख्रिस्ती मंडळीला जावे.

२. बांगड्या आणि शिलाई मशीन सून रसिकाला. मशीनला तेल घालत जा. तू मला कधी उलटून बोलली नाहीस. मीही नवऱ्याला बोलले नाही, त्याचे काय झाले ते पुढे वाच.

३. साल १९९३. उत्तर घानातल्या एका लहान शेतकरी जमातीत प्रभाकर चर्चचे पाळक होते, मी मिशनच्या दवाखान्यात. तिथे गावाचे बियाणे सर्वांत वयस्क बाई राखते. तिचे नाव याम्बा. निम्मी बाजरी ती पेरायला देई. निम्मी दुबार पेरणीसाठी वाळक्या भोपळ्याच्या नऊ तुंब्यांत भरून ठेवी आणि त्यांवर पूर्वजांच्या नावाने दारू शिंपडे. प्रभाकरांना ती मूर्तिपूजा वाटली. त्यांनी नऊही तुंबे आणून माझ्या औषधांच्या कपाटात बंद केले.

एक सर पडली. हा पाऊस खरा नाही, असे याम्बा सांगत होती. "बाजरी मला शिकवू नका, मी नगर जिल्ह्यातला आहे," म्हणून त्यांनी गावाला पेरायला लावले. मग तीन आठवडे थेंब नाही. कोंब जळाले. पुढे पाऊस आला तेव्हा याम्बा रोज दवाखान्याच्या पायरीवर येऊन बसू लागली. "मुली, बी दे. दिवस चाललेत." प्रभाकरांचा हुकूम होता, तिने आधी बाप्तिस्मा घ्यावा. चावी माझ्या कमरेला होती. चौदा दिवस होती.

पंधराव्या दिवशी तिने बाप्तिस्मा घेतला. पुस्तिकेच्या मुखपृष्ठावर त्याचाच फोटो आहे. मी कपाट उघडले, पण हंगाम निघून गेला होता. पुढच्या पेरणीपर्यंत त्या गावात अकरा मुले दगावली. नावे मीच नोंदवली. देवाने दुष्काळ पाठवला, असे प्रभाकरांनी मिशनला कळवले. पाऊस आला होता. कपाट मी बंद ठेवले होते.

४. माझ्या थडग्यावर फक्त नाव घालावे. "देवाची विश्वासू सेविका" असे काहीही कोरू नये.

५. आम्ही घाना सोडताना याम्बाने एक तुंबा मला परत दिला. म्हणाली, "तुझ्याकडे नीट बंद राहते. ठेव." तो माझ्या कपाटात शालीखाली आहे. प्रणयने स्वतः नेऊन तिच्या नातीला द्यावा. पत्ता माझ्या बायबलात आहे. पेरू का, असे तिने विचारले तर खरे सांगावे. मागच्या महिन्यात मी त्यातले वीस दाणे ओल्या कापसावर ठेवून दहा दिवस पाहिले. एकही उगवला नाही.

वाचून, समजून सही केली.
द्वारका प्रभाकर पारखे

आमच्यादेखत सही झाली:
सुगरा महबूब परकार, शेजारीण
रेखा साळवे, परिचारिका

खैतान, कुवेत
१६ फेब्रुवारी २०२४