अनूनं पोचवलेला निरोप

३ नोव्हें., सोमवार
सकाळी द्राक्षबागेत डाऊनी रोगावरची फवारणी. पाठ धरली. दुपारी खालच्या गावच्या मैदानाच्या कुस्त्या फोनवर थेट दिसणार असं माझा दोस्त रसूल म्हणाला होता, म्हणून चष्मा लावून बसलो. एका पानावरनं दुसऱ्या, दुसऱ्यावरनं तिसऱ्या. शेवटी एका पानानं विचारलं, तुम्ही माणूस आहात की यंत्र? माणूस असाल तर 'अनुमती द्या' दाबा. दाबलं. सगळी नोकरी पलटणीत गेली. गेटवर कुणी 'कौन है' विचारलं की ओळख सांगायची आणि आत जायचं, त्यात वाद नाही. इथं ओळख सांगूनही आत सोडलं नाही. कुस्ती राहिली बाजूला, पत्त्यांच्या जुगाराची जाहिरात बघत बसलो. फोन टीव्हीच्या फळीवर टाकला आणि आडवा झालो.

५ नोव्हें.
फोनला काय झालंय कळत नाही. दिवसभर टिंग टिंग. 'तुमच्या फोनमध्ये विषाणू शिरला आहे.' 'अभिनंदन, तुमची निवड झाली आहे.' 'बॅटरी जळत आहे.' जळतेय म्हटल्यावर खरंच हात लावून बघितला. गार होता. बंद करून चालू केला. चालू झाल्या झाल्या पुन्हा तेच.

७ नोव्हें.
आज जे आलं ते लिहायची लाज वाटते. बाईचा फोटो. कपडे नावाला. खाली मराठीत, 'मी एकटी आहे. तुमच्या जवळच राहते. वाट बघते.' बोटानं उडवला तर पाठोपाठ दुसरा.

आणि हा फोन एकट्या माझा असता तर गोष्ट वेगळी. आमच्या घरात रेंज फक्त माझ्या कार्डाला. लेक प्रमोद तिकडे वर बर्फात ड्युटीला, त्याचा फोन नेटवरनं याच्यावरच येतो. सून सुप्रिया नवऱ्याशी बोलते ती याच्यावरच. नात अनू शाळेतनं आली की जेवताना गाणी बघते ती याच्यावरच. आता दर तासाला फळीपाशी जाऊन बघतोय, काही आलंय का. सुनेनं एकदा स्वयंपाकघरातनं वाकून बघितलं, हे सारखं फळीपाशी काय करतात म्हणून.

८ नोव्हें., शनिवार
लिहू की नको. लिहितो.

सु. आणि मी समोरासमोर बोलत नाही. भांडण नाही काही. आमच्याकडे सासरा-सुनेची रीतच तशी. पूर्वी मधे ही होती, हिच्या कानात घातलं की तिकडे पोचायचं. ही गेली, मग मधे अनू आली. 'अनू, आबास्नी म्हणावं ताट वाढलंय.' 'अनू, आईला म्हण, मी बागेत चाललोय.' सहा वर्षांची पोर, निरोप कसा चोख पोचवते. तिचं मला कोण कौतुक.

आज दुपारी मी हात धूत होतो. फोन वाजला. अनू पहिलीत आहे, सध्या दिसेल ते वाचते, साबणाच्या कागदापासून सगळं. फळीखालच्या खुर्चीवर चढली आणि एकेक अक्षर जोडत वाचलं. मग नेहमीसारखी धावत स्वयंपाकघरात. "आई, आबास्नी निरोप आलाय. कोणतरी एकटी हाय, जवळच ऱ्हाती, वाट बघती म्हणं."

सु.च्या हातातलं पातेलं कट्ट्यावर आपटल्याचं ऐकू आलं. ती बाहेर आली, पदर नीट केला, फोन बघितला. माझ्याकडे बघितलं नाही. फोन पालथा ठेवला आणि अनूला म्हणाली, "आत चल." मी मोरीपाशी ओल्या हातानं उभा. काय सांगणार, आणि कुणाकरवी सांगणार? पोरीकरवी?

१० नोव्हें.
फोनला कुलूप घातलं, त्या नऊ ठिपक्यांवर बोट फिरवायचं ते. वाटलं, निदान पोरीच्या हाती लागणार नाही. संध्याकाळी अनू आली, "आबा, गाणी लावा. हे काय झालंय?" मी काही बोलायच्या आत आतनं आवाज, "अनू, नगं. आबांचा फोन हाय त्यो."

आजवर तो घरातला फोन होता. आज आबांचा झाला. कुलूप काढलं लगेच. पण काढलेलं कोण बघतंय.

११ नोव्हें.
नेट बंद ठेवलं दिवसभर. एकही आलं नाही. जिंकलो असं वाटलं. संध्याकाळी शेजारच्या तानूबाई निरोप घेऊन आल्या, प्रमोद तासभर लावतोय, लागत नाही, पोरगं काळजीत पडलंय. चौकीवर त्याला आठवड्यातनं एकदा सवड मिळते. आजची हुकली. सु. उंबऱ्यात उभी होती, डोळे भरलेले. माझ्यामुळे. मला स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटली.

नेट चालू केलं. आत तुंबलेलं सगळं एकदम आलं. विषाणू, बक्षीस, आणि त्या.

१३ नोव्हें.
ताट वाढून ठेवतात आणि निघून जातात. भाकरी आणखी हवी का, विचारायला कुणी येत नाही. अनू माझ्या खोलीत आली की दोन मिनिटांत हाक. आज शाळेचा पाढा म्हणायला आली होती, निम्म्यात उठून गेली. मी काही मागत नाही. फक्त ती पोर माझ्यापाशी बसायची, ते बसणं गेलं. याच्याइतकं वाईट मला ही गेल्यावर वाटलं होतं, मधे कधी नाही.

१४ नोव्हें., शुक्र.
तालुक्याला गेलो, रसूलच्या गादीच्या दुकानात. आम्ही शाळेपासूनचे. कापसात बसून त्याला सगळं सांगितलं. आधी हसला. इतका हसला की खोकला लागला.

"आरं हवालदार, मला बी येत्यात. मला लॉटरी लागली म्हून येतंय रोज. तुला बाया. नशीब हाय लेका."

"रसूल, सून पोरीला माझ्यापाशी सोडत न्हाई."

तेव्हा त्यानं हातातली सुई खाली ठेवली. "मग सुनेला सांग की सरळ. शिकल्याली हाय ती, येका मिनटात काढंल."

"कसं सांगू? काय शब्दांत सांगू?"

"ते बी खरंच."

मग दोघांनी चष्मे लावून फोन उघडला. रसूलच्या मते सगळी घाण इतिहासात साठते, इतिहास पुसला की संपलं. त्याच्या लेकीनं एकदा असंच काहीतरी करून दिलं होतं. सापडलं. 'हिस्टरी हटवा.' हटवली. त्यानं चहा मागवला. घरी येईपर्यंत फोन गप्प. बऱ्याच दिवसांनी शीळ घातली वाटेत.

१५ नोव्हें.
पहाटेच आली. तीच, जवळ राहणारी.

आणि आता एक नवंच डोक्यात आलंय. कुस्तीचं ते पान मी पुसून बसलोय. उद्या सु.ला दाखवायचं म्हटलं की बाई, मी कुस्ती बघायला गेलो होतो, तर दाखवणार काय? सगळं कोरं. कोण कशाला पुसतं, हे तिला कळणार नाही का? रसूलचं डोकं आणि माझं डोकं, दोन्हींत कापूस.

१७ नोव्हें., सोम.
प्रमोदचा फोन. आधी सु. बोलली, मागच्या दारी जाऊन, बराच वेळ. मग अनूच्या हातून फोन माझ्याकडे.

"आबा, बरं हाय न्हवं?"

"बरं हाय."

फोनात वाऱ्याचा आवाज. मग म्हणाला, "सुप्रिया आन् अनू थोडं दीस कडेगावला जाऊन येत्यात. तिच्या आईकडं. रविवारी."

"शाळा?"

"बघू. आबा, तुमी जरा... फोन कमी वापरत जावा."

माझ्या लेकानं मला हे सांगितलं. खाली मान घालून सांगितलं असणार, आवाजावरनं कळलं. मी 'व्हय' म्हणालो. मी 'व्हय' का म्हणालो? न केलेल्या गोष्टीला व्हय म्हटलं की ती केलेली होते. पण तिकडे बर्फात उभ्या असलेल्या पोराशी वाद घालायचा? जेवलो नाही. कुणी विचारलंही नाही.

१९ नोव्हें.
रविवारच्या आत हे निपटायचं. काही झालं तरी.

आज एक आलं ते उडवलं नाही. नीट वाचलं, भिंगाखाली धरून. फोटो अंगठ्यानं झाकला. वर बारीक अक्षरांत पत्ता असतो, इंग्रजीत. विषाणूवर तोच पत्ता, बक्षिसावर तोच, बायांवर तोच. म्हणजे एवढी फौज वाटत होती, ती एकाच मोर्च्यातनं, एकाच खंदकातनं येतेय. आणि तो मोर्चा बांधायला जागा मीच दिली. अनुमती द्या म्हणाला, दिली.

दिलेली परत घ्यायची जागा असणारच. ज्या ब्राउझरातनं कुस्ती बघितली तो उघडला. वरची तीन टिंबं. सेटिंग्ज. त्यात साइट सेटिंग्ज. त्यात नोटिफिकेशन. तिथं लिहिलेलं, 'अनुमती दिलेल्या.' खाली तोच पत्ता. त्यावर बोट ठेवलं, 'ब्लॉक करा' आलं. दाबलं. मग वरचं मोठं बटणही बंद केलं, आता कुठल्याच साइटनं मला काही विचारायचं नाही. एवढंच होतं. एवढ्यासाठी माझं घर मोडायला आलंय.

२० नोव्हें.
दिवसभरात एकही नाही. नेट चालू ठेवूनही. फोन मुद्दाम फळीवर उघडा ठेवला, बिनकुलुपाचा, स्वयंपाकघरातनं दिसेल असा. सु. जाता-येता लांबनं जाते. न आलेली गोष्ट दाखवायची कशी? आली असती तर दिसली असती.

२१ नोव्हें., शुक्र.
बोललो.

अनू शाळेत होती. सु. मागच्या अंगणात धुणं वाळत घालत होती. मी दारात उभा राहिलो, तोंड लिंबाच्या झाडाकडे करून. सकाळपासून वाक्यं जुळवली होती, ती सगळी गेली.

"सुप्रिया," म्हणालो. लग्न होऊन आली तेव्हापासून हे नाव मी तिच्या तोंडावर घेतलेलं नाही. तिनं झटकन पदर घेतला. "फोनात जे येत हुतं, ते मी मागवलं न्हवतं. कुस्ती बघाय गेलो, तितं एक बटन दाबलं. आता बंद केलंय. लेकीवानी हाईस तू मला. अनूची शपत."

नातीची शपथ घ्यायला नको होती. तोंडातनं गेली.

तिच्या हातात प्रमोदचा सदरा होता, तो पिळलेला असून पुन्हा पिळला. दोरीवर टाकला. चिमटा लावला. मी पत्ता दाखवायला फोन पुढे धरला होता, त्या पत्त्यात कुस्तीचा क सुद्धा नाही, नुसती आगापिछा नसलेली अक्षरं. तिनं घेतला नाही. मी तो पायरीवर ठेवला आणि बागेत निघून गेलो. परत आलो तर फोन फळीवर होता. चार्जिंगला लावलेला.

चार्जिंगला लावला म्हणजे काय समजायचं? प्रमोदचा फोन येतो म्हणून लावला असेल.

२३ नोव्हें., रविवार
गेल्या. दहाच्या एसटीनं.

पिशव्या भरून झाल्यावर सु.नं फळीवरनं फोन घेतला. माझ्याकडे पाठ. बराच वेळ बघत होती, अंगठा चालत होता. काय बघितलं, काय सापडलं, देव जाणे. ठेवला, सरळ, काच वर करून.

अनू माझ्या गळ्यात पडली. "आबा, पोचलो की मी फोन करीन." तिची आई म्हणाली, "चल, गाडी येती." मग पायात चप्पल घालता घालता, अनूकडे बघत, "आबास्नी म्हणावं, भाकरी दुरडीत हाय. वांगं झाकून ठेवलंय."

"आबा, भाकरी दुरडीत हाय, वांगं झाकून ठेवलंय," अनूनं सांगितलं. मी म्हणालो, "आईला म्हण, सावकाश जावा." तेही तिनं सांगितलं.

कडेगाव काही लांब नाही. दुपारीच पोचल्या असतील. जेवलो, वांगं चांगलं होतं. बागेत जाऊन आलो, तिथंही फोन खिशात. एकदाही वाजला नाही. हेच मागत होतो मी रोज. आता तो गप्प आहे तर घर खायला उठलंय. वाजायला पाहिजे, असं वाटतंय. रेंज आहे का बघितली, आहे. नेट आहे. सगळं चालू आहे.

दिवेलागण झाली. चहा टाकला, एक कप. लिहायला बसलो आणि आत्ता, मागच्या ओळीपाशी, वाजला. फोन नाही, नुसतं टिंग. एकदाच.

फळीवर आहे. इथनं काच उजळलेली दिसतेय, अक्षरं दिसत नाहीत. चष्मा डोळ्यावर आहे. चहा उतू जातोय, तो आधी उतरवतो.