उभं ठेवायचं की आडवं

उरायासु, जपान,
रविवार, ५ एप्रिल २०२६

प्रिय ताई,

नमस्कार. आम्ही तिघं ठीक आहोत, तुम्ही दोघीही ठीक असाल असं धरून चालते. पत्र तुझ्या बँकेच्या पत्त्यावर पाठवतेय, कारण घरी आलेलं पाकीट आई आधी फोडते आणि तुझ्या फोनवर आलेलं तुझ्याआधी वाचते. हाताने लिहायची सवय मोडलीय, अक्षराला हसू नकोस.

दिवाळीत तू विचारलं होतंस, आईच्या गुडघ्याच्या ऑपरेशनला मी तीन महिने येऊ शकेन का. मी म्हटलं, ऑफिस सोडता येणार नाही. त्यावर तू काही बोलली नाहीस, आणि तेव्हापासून आपण दोघी ग्रुपवर एकमेकींना फक्त फुलांची चित्रं पाठवतो. त्या विषयावर येतेच. पण आधी ऑफिसचं ऐक.

माझं काम नक्की काय हे तुम्हाला कुणालाच कधी कळलं नाही. तू लोकांना सांगतेस, ती तिकडे भाषांचं काहीतरी करते. आई सांगते, चिनी शिकलीय. प्रागला राहून मी चेक शिकले, चिनी नव्हे, पण ते जाऊ दे. आमचं छोटं ऑफिस टोकियोत, तोयोसुला एका टॉवरमध्ये आहे. गिऱ्हाईक एक जपानी कंपनी, तिचा कारखाना चेक देशात. तिथे मोठमोठी चिलर, म्हणजे पाणी गार करणारी यंत्रं, जोडली जातात. जपानी इंजिनियर कामगारांसाठी सूचना लिहितो इंग्रजीत, कारण आपल्याला इंग्रजी येतं असं त्याला वाटतं. त्या सूचना मी चेकमध्ये करायची.

त्या गृहस्थाला क्रियापद एकच येतं. पुट. पुट द कंप्रेसर ऑन द टेबल, पुट द कव्हर, पुट द ऑइल. आता तूच बघ, आपण पानं मांडतो, भाजीत मीठ घालतो, कुंकू लावतो, कपडे वाळत टाकतो, पोराला खुर्चीत बसवतो. इंग्रज सगळीकडे पुट करतो आणि मोकळा होतो. चेक माणूस आपल्याहूनही काटेकोर. ठेवल्यावर वस्तू कशी राहणार, हे त्याला आधी कळायला हवं. आडवी ठेवायची तर पोलोझित, उभी करायची तर पोस्तावित, टांगायची तर पोव्येसित. एकदाच करायचं की रोज, त्यावर रूप पुन्हा बदलतं. आणि ज्याला यातलं काहीच ठरवायची तसदी घ्यायची नसते, त्याच्यासाठी एक शब्द आहे, दात. मूळ अर्थ देणं, पण घरीदारी कशालाही चालवून घेतात. उच्चार थेट आपल्या तोंडातल्या दातासारखा.

कंप्रेसर आडवा ठेवला की त्यातलं तेल नको तिथे जातं. नवा फ्रिज आणताना आपण हमालाला तो आडवा करू देत नाही, तसंच. म्हणून प्रत्येक पुटला मी गिऱ्हाइकाला विचारायची, उभं की आडवं? सात वर्षं विचारत होते.

त्यातच गेल्या वर्षी आमच्या टीमवर शशांक आला. पुण्याचाच, कोथरूडचा. इथे सगळे त्याला शशांक-सान, म्हणजे शशांकराव, म्हणतात आणि त्याला ते फार आवडतं. तीन भाषा येतात म्हणतो. तिन्हींत 'ओके' म्हणताना मी त्याला ऐकलंय. माझ्याशी मराठीतून बोलतो, ताई म्हणतो, आणि ताई म्हटलं की पुढे काहीही बोलता येतं अशी त्याची समजूत आहे. त्याने मला सांगितलं की क्लायंटला क्वेश्चन पाठवला की त्याला वाटतं आपल्याला येत नाही. इंग्रजीत एक शब्द तर चेकमध्येही एकच शब्द टाका, दात, म्हणजे कन्सिस्टंट दिसेल आणि पुढे भाषांतराच्या मशीनलाही ते शिकवता येईल.

हे त्याने फेब्रुवारीत भर मीटिंगमध्ये पुन्हा मांडलं. इथे मीटिंगमध्ये कुणी विरोध करत नाही. काय ते आधी एकेकाच्या टेबलाशी जाऊन हळू आवाजात ठरवायचं, आणि मीटिंगमध्ये नुसत्या माना डोलवायच्या. मी सगळ्यांदेखत जपानीत विचारलं, शशांक-सानच्या घरी फ्रिज झोपून असतो का? कुणी हसलं नाही. आमचे विभागप्रमुख मोरिता-सान कितीतरी वेळ चहाच्या कपात बघत राहिले. त्यानंतर माझ्याकडे नवं काम येईना. जुन्या फाइली नजरेखालून घालायला मिळायच्या. मी समजून घेतलं की कामाचे दिवसच मंदीचे आहेत. आपल्याला जे समजून घ्यायचं असतं तेच आपण घेतो.

आर्याला हव्या त्या हायस्कूलमध्ये प्रवेश मिळाला, हे तुला ग्रुपवर कळलंच. पाडव्याला मी घरी पेढे केले, मिल्क पावडरचे, पण बरे झाले. इथे एकाच डब्यात हात घातलेला कुणाला आवडत नाही, म्हणून एकेक पेढा वेगळा कागदात बांधला आणि पाडव्यानंतरच्या सोमवारी ऑफिसात नेला. तिथे गेल्यावर आठवलं की समोरच्या टेबलावरच्या ओगावा-सानच्या मुलाला मात्र हवी ती शाळा मिळाली नव्हती. तिच्या तोंडावर आपल्या पोरीचं कौतुक कसं सांगायचं? म्हणून मी कारण सांगितलंच नाही. पेढा देताना आपण म्हणतो ना, तुमच्या आशीर्वादाने, तेवढंच जपानीत म्हटलं. इतकी वर्षं तुम्ही सांभाळून घेतलंत, असं टेबलाटेबलाशी वाकून म्हणत गेले.

पेढे वाटायचे आणि कारण सांगायचं नाही, हा मूर्खपणा जपानात मुरलेली मराठी बाईच करू जाणे. मार्चअखेर, वेगळ्या बांधलेल्या कागदातला खाऊ, आणि सांभाळून घेतल्याचे आभार. इथे नोकरी सोडून जाणारा माणूस शेवटच्या आठवड्यात नेमकं हेच करतो. मला माहीत नव्हतं असं नाही. दर मार्चला कुणाकुणाचा असा खाऊ मी खाल्लाय. पण माझ्या हातात पेढे होते गं, आणि पेढ्याचा अर्थ मला लहानपणापासून एकच ठाऊक आहे. ओगावा-सानच्या डोळ्यांत पाणी आलं. मला वाटलं, तिला तिचा मुलगा आठवला.

शशांकने दोन पेढे उचलले. म्हणाला, "आर्याचं झालं वाटतं? अभिनंदन, ताई." त्या अख्ख्या मजल्यावर पेढा म्हणजे काय हे ठाऊक असलेला हा एकच माणूस.

माझं कंत्राट मार्चअखेर संपतं आणि दर वर्षी कुणी काही न बोलता पुढे चालू होतं. या वर्षीही कुणी काही बोललं नाही. पेढ्यांच्याच आठवड्यात शुक्रवारी संध्याकाळी सगळे उभे राहिले, मोरिता-सान फुलांचा गुच्छ घेऊन पुढे आले आणि भाषण करू लागले. म्हणाले, विचारायला लाजू नये, हे उत्तरा-सानने आम्हाला शिकवलं. सात वर्षांत माझ्या कामाबद्दल पहिल्यांदा बोलले ते हे. गुच्छ हातात येईपर्यंत मला कळलंच नाही की हा निरोप माझा आहे. कळल्यावर मी सगळ्यांची तोंडं पाहिली. सगळी मोकळी झालेली दिसत होती. नकोसं काम आपोआप उरकलं की माणसाचं तोंड होतं तसं. शशांक टाळ्या वाजवत होता, माझ्याकडे न बघता.

एक वाक्य पुरलं असतं. माझी मुलगी पास झाली, मी कुठेही जात नाहीये. ते वाक्य मला चार भाषांत येत होतं. मी खाली वाकले आणि पुन्हा म्हटलं, सांभाळून घेतलंत.

लिफ्टपाशी मी शशांकला गाठलं आणि विचारलं, "तुला माहीत होतं ना?"

"ताई, सगळ्यांनाच सोपं गेलं ना," तो म्हणाला, "तुम्हालाही."

असल्या माणसाच्या थोबाडीत मारायला हवी होती. माझ्या दोन्ही हातांत गुच्छ होता.

घरी आल्यावर हरीशने फुलं बादलीत ठेवली आणि पहिला प्रश्न विचारला तो माझ्या व्हिसाचा. मग म्हणाला, बरं झालं, आता तुला जरा आराम. तो नवरा म्हणून वाईट नाही, पण कधी काय बोलू नये हे त्याला देवाने शिकवलंच नाही. परवा शशांकचा मेसेज आला. क्लायंटच विचारतोय म्हणे, कंप्रेसर उभा ठेवायचा की आडवा, आणि चेकमध्ये ते कसं लिहायचं. शेवटी हात जोडल्याचं चित्र. मी अर्धा दिवस त्याला शिव्या घातल्या. मग त्याला सगळी वाक्यं करून पाठवली, एकूण एक. तिकडे कुणा बिचाऱ्याने ते यंत्र आडवं पाडलेलं मला बघवलं नसतं. ओके असं उत्तर आलं.

शशांक हलकट आहे, पण तो म्हणाला ते खोटं नाही, ताई. ते मला सोपंच गेलं. दिवाळीत मी तुला सांगितलं की ऑफिस सोडता येत नाही. माझी कितीतरी रजा शिल्लक होती. मागितली असती तर मोरिता-सान नाही म्हणाले नसते, त्यांना नाही म्हणताच येत नाही. मी मागितलीच नाही. आईला अंघोळ घालायची, संडासला न्यायचं, आणि चिनी शिकून काय दिवे लावलेस हे तीन महिने ऐकून घ्यायचं, याची मला भीती वाटली. तू ते रोज करतेस आणि मला भीती वाटली. आपल्या दोघींच्या मध्ये ऑफिस घातलं की तुला माझं तोंड दिसणार नाही, एवढंच मला हवं होतं.

डॉक्टरांकडून तारीख घे. माझं तिकीट काढून झालंय, एकवीस तारखेला पुण्यात पोचते. आईला, रजा घेऊन आले असं सांगू नकोस. नोकरी गेली म्हण. जे बोलायचं ते तिला माझ्यासमोर बोलू दे.

तुला एकच विचारायचंय. मी नाही म्हटलं तेव्हा मी खोटं बोलतेय हे तुला कळलं होतं ना? कळलंच असणार. शशांक गप्प बसला तो स्वतःची सोय बघून. तू गप्प बसलीस आणि आईला एकटीने उचलत राहिलीस. त्याला मी नावं ठेवू शकते. तुला काय म्हणायचं ते मला कुठल्याच भाषेत सुचत नाहीये.

उशिरा येणारी,
तुझीच
उत्तरा