मांडवाच्या कामाची नको

करडी,
मे महिना, दुपार

प्रिय सेवकराम,

पाकिटावर माझं अक्षर पाहून तू घाबरला असशील. घाबरू नको. तुझी रत्ना वहिनी अजून आहे. आत्ता विजेची लाइन आहे, तिचं मशीन चालू आहे, शेजारच्या आनंदाबाई तिच्याजवळ लसूण सोलत बसल्या आहेत, आणि मी आपल्या मंडपाच्या गोडाऊनमध्ये लाल खुर्च्यांच्या थप्पीवर कागद ठेवून हे लिहितो आहे. फोन करता आला असता, पण माझा फोन हल्ली रत्नाच्या उशीशी असतो. कोणाचाही आला तरी तीच उचलते, आणि तू रायपूरहून जे बोलून पाठवतोस ते सगळं ती मोठ्यानं लावून ऐकते, वर तुझी नक्कलही करते. जे सांगायचं आहे ते तिच्या कानावर जाता कामा नये. म्हणून माझ्यासारख्या अक्षरशत्रूवर पत्र लिहायची पाळी आली. तुझ्या घरी रुखमिणी वहिनींना वाचून दाखव, पण याचं उत्तर फोनवर देऊ नको, एवढं लक्षात ठेव.

यंदाच्या लग्नसराईत मी एकही मांडव घातला नाही. आंधळगावचे लोक दोनदा येऊन गेले, म्हणाले, भैय्यालालचा मांडव नसला तर लग्नाला शोभा नाही. मी हात जोडले. झालरी, गाद्या, कमानी, सगळं बांधून पडलं आहे, उंदरांची चैन आहे. संध्याकाळी वारा इकडचा असला की दुसऱ्याच कोणाच्या तरी कर्ण्याचा आवाज येतो. रत्ना नळी नाकात असतानाही कान देऊन ऐकते आणि म्हणते, "तुमचा कर्णा असता तं आवाज असा फाटला नसता जी." तिचं हे असं आहे. श्वास पुरत नाही, पण धंद्याची बाजू घ्यायला पुरतो.

तिचं मशीन तू पाहिलेलं नाहीस. हवेतूनच ऑक्सिजन वेगळा काढतं आणि नळीनं नाकात सोडतं. गोष्ट चांगली आहे, पण सगळा खेळ करंटवर. तिची फुप्फुसं आतून कडक होत चालली आहेत, हे तुला आमच्या लेकीनं, गुड्डीनं सांगितलंच आहे. मशीन बंद पडलं की थोड्या वेळात ओठ निळे पडायला लागतात. मोठं सिलिंडर आणून ठेवलं आहे, पण ते भरायला भंडाऱ्याला न्यावं लागतं, आणि आणीबाणीला म्हणून ते राखावं लागतं. आणि आपल्याकडची लाइन तुला माहीत आहे. दुपारी जरा वावटळ उठली की गेली, ती कधी दिवेलागणीला येते तर कधी येतच नाही. मी लाइनमनला फोन करतो, तो बिचारा रडकुंडीला येतो. म्हणतो, "काका, तारेवर झाड पडून आहे, मी एकटा काय करू?" त्याच्यावर ओरडतो आणि मग मलाच वाईट वाटतं. कोणावर ओरडावं हेच कळेनासं झालं आहे.

तू म्हणशील, भैय्यालाल, तुझ्या दारात जनरेटर आहे ना? आहे. आयुष्यभर त्याच्यावर जगलो. पहिल्याच आठवड्यात तो सुरू केला तर धूर थेट घरात. खोकून खोकून तिचा जीव अर्धा झाला. मग ढकलत ढकलत बांधाच्या पलीकडं नेला, लांब वायर ओढली, तर आपल्या त्या म्हाताऱ्याचा करंट कधी चढतो, कधी उतरतो. हॅलोजनला त्याचं काही वाटायचं नाही, पण हे दवाखान्याचं मशीन नाजूक, ते नुसतं पीं पीं करून बंद पडायचं. करडीतल्या निम्म्या लोकांची लग्नं ज्यानं उजेडात लावली त्याला स्वतःच्या घरातलं एक मशीन चालवता येईना. तेव्हा गुड्डीच म्हणाली, बाबा, पोर्टेबल पॉवर स्टेशन घ्या. पॉवर स्टेशन म्हटल्यावर माझ्या डोळ्यांपुढं मौद्याच्या वीज केंद्राच्या उंच चिमण्या आल्या. पाहतो तर काय, हातात उचलून नेता येईल अशी पेटी! आत बॅटरी, बाहेर प्लग, ना धूर, ना आवाज. रत्ना तिला पेटीच म्हणते.

तुमसरला दुकानात गेलो. आता मी म्हणजे मी. माझ्यापुढं कोण करंटची भाषा बोलणार? घरून दोन हॅलोजन पिशवीत घालून नेले होते. दुकानदाराला म्हटलं, हे दोन्ही एकदम पेटव. त्यानं पेटवले. दुकानात असा लख्ख उजेड पडला की रस्त्यावरचे लोक थांबले. मी लगेच म्हटलं, बांधून दे. तो काहीतरी बॅटरीचं सांगत होता, मी ऐकलंच नाही. घरी आणली, आणि दुसऱ्याच दुपारी लाइन गेली. मी मोठ्या ऐटीत मशीनचा प्लग पेटीला लावला. सुरू! रत्नानं टाळ्या वाजवल्या. तासभर गेला असेल नसेल, पेटी पीं पीं करायला लागली आणि मी तिच्या चारी बाजूंनी हात फिरवू लागलो. तुझी वहिनी एवढ्या त्रासातही हसली, म्हणाली, "काहून जी, डिझेल टाकाची जागा सापडत नाही का?"

खरंच तेच शोधत होतो, सेवक. आपल्या धंद्यात किती ओढतो ते पाहायचं, किती वेळ ते कोण विचारतो? डिझेल संपलं की ओतायचं, वऱ्हाड नाचत राहतं. पेटी बंद पडली. सिलिंडरची चावी त्या दिवशी माझ्या हातानं फिरेना, घामानं हात निसटत होता. आनंदाबाईंनी येऊन पदरानं धरून फिरवली. तोपर्यंत रत्ना माझ्याकडं पाहत होती. घाबरून नाही. लहान मूल पडलं म्हणजे त्याच्याकडं पाहतो ना आपण, लागलं तर नाही ना, तसं माझ्याकडं पाहत होती. त्या नजरेनं मी जेवढा खचलो तेवढा कधीच खचलो नव्हतो.

त्यानंतरच तुला फोन केला. इन्व्हर्टर-बॅटरीचं दुकान टाकून तू शहाणा झालास हे मान्य करतो. पाईप किती जाड ते पाहिलंस, बोडीत, म्हणजे तळ्यात, पाणी किती ते पाहिलंच नाहीस, हे तुझं बोलणं माझ्या डोक्यात बरोबर बसलं. शेताला पाणी किती वेळ मिळेल ते बोडीवर असतं, पाईपावर नाही; पेटीत बोडी म्हणजे बॅटरी. आमच्या मशीनला लागतात साडेतीनशे वॅट, म्हणजे पाईप बारीक चालेल, पण बोडी अशी पाहिजे की दुपारची गेलेली लाइन रात्री आली तरी तळ दिसू नये. तू म्हणालास, अशी एक माझ्याकडं आहे, फक्त दवाखान्याच्या कामाची, जास्त ओढ लावली की आपोआप बंद पडते. आणि दुसरी एक आहे, तिची बोडीही मोठी आणि पाईपही मोठा, दोन माणसांना उचलावी लागते, पण सगळंच चालवते. कोणती पाठवू, तुझी गरज काय ते सांग. फोन स्पीकरवर होता. रत्ना ऐकत होती.

त्याच्या आधीचं एक सांगायचं राहिलं. मागच्या खेपेला तिला भंडाऱ्याला दाखवायला नेलं तेव्हा गुड्डी नागपूरहून आली होती. मी औषधांच्या रांगेत उभा होतो, त्या दोघी डॉक्टरांकडं आत गेल्या. बाहेर आल्या तेव्हा गुड्डी माझ्याकडं न पाहता पाण्याची बाटली भरायला निघून गेली, आणि बाटली भरलेलीच होती. रत्ना मला म्हणाली, "इथंच जेवन करून जाऊ का? घरी जाऊन तुमी कवा रांधान?" गाडीत मी काही विचारलं नाही. ना दुकानात विचारलं किती वेळ, ना दवाखान्यात. त्या दिवसापासून ती मला स्वयंपाक शिकवते आहे. खाटेवरून सांगते, मी गॅसपाशी. वरण पातळ झालं की म्हणते, पाहुण्याइले चालन, तुमाले नाही चालाचं, पुन्हा करा. लाखोरीची डाळ कोणत्या डब्यात, हिवाळ्याची गोधडी कोणत्या पेटीत, सगळं मला पाठ करून घेते. मला वाटलं, पडून पडून करमत नाही तिला. मला असंच वाटून घ्यायचं होतं, खरं सांगायचं तर.

आणि तुला आमचं लग्न आठवतं का? आंबागडला, किल्ल्याच्या पायथ्याशी, तिच्या बापाच्या अंगणात. जनरेटरवर तूच होतास. अंतरपाट धरलेला, भटजीबुवा गळा ताणून मंगलाष्टकं म्हणताहेत, आणि त्या फटफटाटात एक अक्षर कोणाला ऐकू येईना. लोक नुसते इकडंतिकडं पाहून अक्षता टाकत होते. त्यात ते धूड बंद पडलं, मिट्ट काळोख झाला, आणि तुझ्याच्यानं सुरू होईना. शेवटी मीच बाशिंग बांधलेला उठलो, दोरी ओढली, आणि तसाच काळ्या हातांनी परत येऊन उभा राहिलो. अंतरपाट खाली आला तेव्हा नवरीनं पहिल्यांदा काय पाहिलं असेल तर माझे हात. माळ घालताना तिच्या शालूला डिझेलचा डाग पडला. सासऱ्यानं नंतर तुला शिव्या घातल्या, मला घालता आल्या नाहीत म्हणून. तो शालू तिनं कधी धुतला नाही. परवा ट्रंक उघडायला लावली तेव्हा दाखवला.

आता फोनवर काय झालं ते तुला माहीत आहे, पण तुला कळलं नाही, म्हणून पुन्हा लिहितो. तू विचारलंस, कोणती पाठवू, आणि मी बोलायच्या आत ती बोलली. "भाऊजी, मोठीच पाठवा. सगळं ओढते म्हन्ता ना, मंग तेच. लग्नात आवाज नाही होनार, लोकाइले मंगलाष्टकं तं आयकू येतीन. मले किती दिवस लागनार आहे? मंग ह्यांच्या मांडवाच्याच कामात येईल." तू खो खो हसलास. म्हणालास, वहिनी, धंद्याची अक्कल या घरात तुम्हालाच आहे. मीही हसलो. म्हणालो, हो, मोठीच पाठव. आणि गुरांना पाणी दाखवायचं निमित्त करून बाहेर आलो. गोठा रिकामा आहे, सेवक. गाय आम्ही मागच्याच वर्षी विकली.

ती बरी झाल्यावरचं बोलत नव्हती. माझ्या एकट्याच्या दिवसांचा बंदोबस्त करत होती. स्वतःच्या श्वासाची पेटी निवडताना ती माझी पुढची लग्नसराई पाहत होती. पुढच्या वर्षी कमानीला कोणत्या रंगाच्या माळा लावायच्या तेही तिनं संध्याकाळी सांगितलं, आणि मी भाताला आधण ठेवत हूं हूं करत राहिलो. मला भीती वाटते, सेवक. खूप भीती वाटते, आणि ती मला इतक्या शांतपणे सगळं शिकवते आहे की मला घाबरूनही दाखवता येत नाही. तिला थांबवू शकत नाही, लाइन थांबवू शकत नाही, त्या डॉक्टरला विचारू शकत नाही. या सगळ्यात माझ्या हातात एकच गोष्ट उरली आहे, पेटी कोणती घ्यायची ती. तेवढी तरी माझ्या मनासारखी होऊ दे. म्हणून हे पत्र. मोठी पाठवू नको. पत्राचं नाव न काढता तूच तिला फोन करून सांग की मोठी संपली, पुन्हा येणार नाही, काहीही थाप मार, तुला त्याची सवय आहे. ती दवाखान्याच्या कामाची पाठव. फक्त तिचं मशीन चालवेल आणि एक हॅलोजन लावला तर जागच्या जागी बंद पडेल, ती. पेटी आली की रत्ना मला ती फिरवून फिरवून दाखवायला लावेल आणि विचारेल, ही मांडवात कशी चालेल जी? तेव्हा तिच्यासमोर हॅलोजन लावून, तो विझलेला दाखवून, मला म्हणता आलं पाहिजे, नाही चालत. ही फक्त तुझ्यासाठी आणली आहे.

तुझाच,
भैय्यालाल