शेवटचं रीळ

दादा,

तुझा कारखाना बंद पडला त्या आठवड्यात तू आमच्या थिएटरात एक परदेशी सिनेमा पाहिलास. साम्यवादी राजवट कोसळते, गिरणीला टाळं लागतं, तरी म्हातारा फोरमन रोज भोंगा वाजवतो. "वेडाच आहे. कोण येणार आता?" एवढंच तू म्हणालास. दुसऱ्या दिवशी घर सोडलंस ते आजतागायत परतला नाहीस.

काल तो पुन्हा पाहिला, या खेपेला खुर्चीत बसून. भोंगा वाजतो आणि अख्खं गाव गिरणीकडे येतं. काठी टेकत, लेकरं कडेवर घेऊन सगळे बंद फाटकासमोर आपापल्या पाळीप्रमाणे रांगेत उभे राहतात. फोरमन हजेरी घेतो. एकेक जण नुसतं "हजर" म्हणतो.

हे तू पाहिलंच नाहीस. त्या दिवशी हॉलमध्ये पाच डोकी होती, प्रोजेक्टरच्या मशीनवर मी होतो आणि मला घरी जायची घाई झाली होती. शेवटचं रीळ मी लावलंच नाही.

काल एका नावाला कोणीच ओ दिली नाही. तेव्हा अंधारात मीच "हजर" म्हणालो, तुझ्या वतीने.

पत्ता कळला तर पाठवीन.

तुझा धाकटा, मशीनवाला