काळ्या मेंढीवरचा आळ

तीर्थरूप आत्या,

साष्टांग नमस्कार. तुझा गुडघा कसा आहे? (खरं कळव, 'ठीक' लिहून माझी बोळवण करू नकोस.)

आधी एक दुरुस्ती. वाचनालयाच्या भिंतीसाठी लोकर दाबून केलेला मेंढ्यांच्या चित्राचा नमदा वाकडा झाला, त्याचा दोष मी मागच्या पत्रात काळ्या मेंढीच्या लोकरीला दिला होता. तो आळ मागे घेते. मेंढपाळबाईंकडे जाऊन त्या मेंढीसमोर थोडा वेळ उभीही राहिले. (तिने मान फिरवली. तिचं बरोबरच आहे.)

घडलं ते असं. लोकरीचे थर आडवे-उभे पसरले, कोमट साबणपाणी शिंपडलं, चटईत गुंडाळलं आणि नेहमीसारखं डावं टोक मी धरलं, उजवं बाबांनी. गुंडाळी लोटताना दोघांचा जोर सारखा हवा, जिकडे जास्त तिकडे लोकर जास्त आटते, हे तूच शिकवलंस. उलगडून पाहते तो माझ्या बाजूच्या मेंढ्या उंदरांएवढ्या आणि बाबांच्या बाजूच्या म्हशींएवढ्या! वाचनालयाच्या बाईंनी बराच वेळ सभ्यपणे पाहून विचारलं, "ही छोटी कुत्री राखणीची का?" बाबा म्हणाले, "मेंढरं काय साच्यातून काढतात?" आणि आत निघून गेले. मी मागून गेले, तर ते डाव्या हाताने सदऱ्याची बटणं लावत होते. उजवा खांदा गेलाय, आत्या. ते सांगणार नाहीत आणि मला विचारवत नाही. परका माणूस लावला, तर ते पुन्हा चटईला हात लावणार नाहीत.

विणलेलं उसवता येतं, नमदा उसवत नाही. नवाच करायला हवा. लोकर एवढ्या एकाच कामापुरती उरली आहे. दुकानात ढीगभर मिळते, पण ओळखीच्या कळपाचीच घ्यायची आणि कातरणीच्या आधी मेंढ्यांना त्रास द्यायचा नाही, हा आपल्या घराचा शब्द.

तुझी,
भाची

ता. क. साबणाची वडी चांगली की पातळ साबण, यावरून तुम्ही बहीणभाऊ बोलत नाही, हे ठाऊक आहे. तरी येशील? त्यांच्या शेजारी उभी राहा आणि साबणावरून भांडत भांडत लोट. भांडणाच्या भरात जोर कुणाचा लागतोय, हे त्यांना कळणार नाही.

आणखी ता. क. तुझा नवा पत्ता बाबांकडेच होता, त्यामुळे पत्र त्यांनी वाचलं. म्हणाले, "खांद्याला काही झालेलं नाही, असं लिही. आणि येणारच असेल, तर तिचा तो भिकार साबण घेऊन येऊ दे. माझा संपलाय." (संपलेला नाही. फळीवर दोन डबे आहेत, मी पाहिले.) येत्या गुरुवारी सकाळी पाणी तापत ठेवते.