रापणीच्या लेखातली एक ओळ

शिरोडा,
ता. १५ नोव्हेंबर २००९

तीर्थस्वरूप मंगेशदादास,

धाकट्या दिव्याचा नमस्कार. घरी सर्व ठीक आहे. तूही ठीक असशील असे धरून चालते. पत्ता तुझ्या ट्रॉलरच्या मालकाकडचा आहे, त्यामुळे हे तुझ्या हाती कधी पडेल, ठाऊक नाही.

हल्ली मी गावातल्या बायकांना विकिपीडियावर लिहायला शिकवते. गावात इंटरनेट टिकत नाही. म्हणून त्या शाळेच्या संगणकावर मजकूर तयार करतात आणि शनिवारी मी तो पेनड्राइव्हवर घेऊन वेंगुर्ल्याच्या सायबर कॅफेत जाते. "कोणीही लिहावे, कोणीही बदलावे," असे मी सांगितले, तेव्हा सुगंधाकाकी मासळीची टोपली खाली ठेवून म्हणाली, "म्हणजे रापणच गो! येयत तेणी दोरी वडूची. पण वाटो खंय?" सगळ्या हसल्या.

पहिला लेख रापणीवरच केला. काठावरून सगळ्यांनी मिळून जाळे ओढताना जो दोरीला हात लावील त्याला वाटा, असे त्यात लिहिले. गेल्या शनिवारी पाहते तर कुणीतरी, नाव न देता, खाली भर घातलेली: "गाव सोडून गेलेल्याचाही वाटा बाजूला काढून ठेवतात."

त्याला संदर्भ नाही. विकिपीडियाच्या नियमाप्रमाणे ती ओळ मी काढायला हवी होती.

"असो रिवाज खंय आसा? कोणी लिवल्यान ह्या?" काकीने विचारले. मला तुझे जाणे आठवले. तू ट्रॉलरवर निघालास, त्या दिवशी अंगणात बाबा तुला म्हणाले होते, "हय तुझो वाटो नाय." मी दाराआड होते. हे मी कुणाला सांगितलेले नाही.

ती ओळ तुझी आहे का? विचारू नये असे वाटते, आणि विचारल्यावाचून राहवतही नाही.

बाबांना लेख वाचून दाखवताना ती गाळायचे ठरवले होते. तरी वाचली गेली. ते जाळे दुरुस्त करत राहिले.

आज सकाळी रापण ओढली. बांगडे मिळाले. वाळूत वाटे पडले, आणि बाबांनी एक जादा काढला.

"ह्यो कोणाचो?" काकी म्हणाली.

"लिवलेला आसा मां," म्हणून बाबा दोरी गुंडाळू लागले.

मला काहीच उमगत नाही, दादा. लिहिली तेव्हा ती ओळ खोटी होती, आज खरी आहे. पण स्वतः पाहिलेले संदर्भ म्हणून चालत नाही. ती ठेवू की काढू, हे तूच येऊन सांगावेस.

त्या जादा वाट्याचे बांगडे आईने मीठ लावून वाळत घातले आहेत. मांजराला हाकलत हे लिहिते आहे.

तुझा वाटा राखत बसलेली,
दिव्या